आम्लता नियामकाचा पहिला कंटेनर: ऑर्डरच्या ओळीपासून द्रावणाच्या टाकीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: सॉस, पेये, जॅम, कोरडी मिश्रणे बनवणाऱ्या कारखान्याला सायट्रिक ॲसिडसारखे आम्लता नियामक मधल्या व्यापाऱ्याऐवजी थेट परदेशी उत्पादकाकडून मागवायचे आहे. आधी काय ठरवावे, कोणते कागद मागावेत आणि माल नेमका कुठे अडतो?

माल अडलेला दिसतो बंदरात, पण अडचण तयार होते ती ऑर्डरच्या ओळीत. ‘सायट्रिक ॲसिड, फूड ग्रेड, एक कंटेनर’ एवढेच लिहून पाठवले की उरलेले सगळे निर्णय पुरवठादार घेतो: पाणी किती, दाणा केवढा, लॉट किती, गोणी कसली, पॅलेट आहे की नाही. मग तेच निर्णय तुमच्या कस्टम्सच्या कागदावर, विम्याच्या दाव्यात आणि मिक्सरमध्ये उगवतात. म्हणून पुरवठादार शोधण्याआधी एक पानी स्पेसिफिकेशन लिहा. पुढचे बरेचसे विवेचन त्या एका पानात काय असावे याबद्दलच आहे.

त्याआधी एक सल्ला. तुमचा वर्षाचा वापर एका वीस फुटी कंटेनरपेक्षा, म्हणजे साधारण २० टनांपेक्षा कमी असेल तर थेट आयातीच्या फंदात पडू नका. स्थानिक आयातदाराकडून लॉटनिहाय विश्लेषण प्रमाणपत्रासह (सीओए) माल घ्या. अर्धा कंटेनर इतरांच्या मालाबरोबर भरून आणण्याचा मार्ग कागदावर स्वस्त वाटतो. पण शेजारच्या खोक्यात कीटकनाशक आहे की अत्तर, हे तुम्हाला कळत नाही आणि खाद्यद्रव्यासाठी तो धोका पत्करण्यासारखा नसतो.

पाण्याचा हिशेब

सायट्रिक ॲसिड अनहायड्रस (निर्जल) आणि मोनोहायड्रेट (रेणूमागे पाण्याचा एक रेणू असलेले) अशा दोन रूपांत मिळते. दोघांचाही आयएनएस क्रमांक (खाद्य ॲडिटिव्हचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ३३० आणि सहा अंकी एचएस कोडही (कस्टम्सचे वर्गीकरण) एकच. त्यामुळे कागदावर फरक लपतो. रेणुभार मात्र वेगळे आहेत: अनहायड्रसचा १९२.१२, मोनोहायड्रेटचा २१०.१४. म्हणजे मोनोहायड्रेटच्या वजनात सुमारे ८.६ टक्के पाणी असते. २५ टन मोनोहायड्रेट मागवले तर त्यातल्या २.१४ टन पाण्याचे जहाजभाडे, विमा आणि शुल्क तुम्ही भरता. दोन कोटेशनांची तुलना करताना मोनोहायड्रेटचा दर ०.९१४ ने भागा आणि मग तो अनहायड्रसच्या दराशेजारी ठेवा. किलोचा दर सरळ ताडून पाहणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

रेसिपीतही हाच आकडा चावतो. अनहायड्रस धरून लिहिलेल्या रेसिपीत तितक्याच वजनाचे मोनोहायड्रेट घातले तर घातलेले आम्ल ८.६ टक्क्यांनी कमी पडते. उलट झाले तर ९.४ टक्क्यांनी जास्त होते. पेयात हा चवीचा मुद्दा असेल. पण ज्या उत्पादनाची सुरक्षितता पीएच ४.६ च्या खाली राहण्यावर उभी आहे, तिथे तो क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचा, म्हणजे जीवघेणे विष बनवणाऱ्या जिवाणूचा मुद्दा होतो. त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये, खरेदी ऑर्डरवर, गोणीवर आणि रेसिपी कार्डावर तेच पूर्ण नाव लिहा.

कोणते रूप घ्यावे? माल टाकीत विरघळवूनच वापरणार असाल तर दोन्ही चालतात, हिशेब तेवढा नीट ठेवा. कोरड्या मिश्रणासाठी, आणि सोडियम बायकार्बोनेट सोबत असेल तर निश्चितच, अनहायड्रस घ्या. मोनोहायड्रेट गरम जागी आपले पाणी सोडते आणि तेवढ्या पाण्यावर आम्ल आणि बायकार्बोनेटची अभिक्रिया पाकिटातच सुरू होते, पाकीट फुगते. दाण्याचेही तसेच. विरघळवण्यासाठी जाड दाणा बरा, कारण धूळ कमी आणि गठ्ठेही कमी. कोरड्या मिश्रणात साखरेच्या दाण्याशी जुळणारा दाणा हवा, नाहीतर वाहतुकीत आम्ल तळाशी वेगळे होते आणि एक पाकीट आंबट, एक सपक निघते. ‘३० ते १०० मेश’ (चाळणीच्या जाळीचे माप) एवढेच न लिहिता चाळणीवर किती टक्के राहावे आणि किती टक्के खाली जावे तेही लिहा.

इतर आम्लांच्या खोड्या वेगळ्या असतात. मॅलिक ॲसिड, आयएनएस २९६, बाजारात बहुधा डीएल रूपात, म्हणजे रेणूच्या दोन आरशातल्या प्रतिमांसारख्या रूपांच्या (डी आणि एल) मिश्रणात मिळते. ते मॅलेइक अनहायड्राइडपासून बनते. म्हणून त्यात फ्युमॅरिक ॲसिड १ टक्क्याच्या आत आणि मॅलेइक ॲसिड ०.०५ टक्क्याच्या आत आहे हे सीओएवर दिसलेच पाहिजे. टार्टारिक ॲसिड, आयएनएस ३३४, हे एल प्लस रूपच आहे. डीएल टार्टारिक हा वेगळा पदार्थ. लॅक्टिक ॲसिड, आयएनएस २७०, ८० किंवा ८८ टक्के द्रव म्हणून येते. तीव्र द्रावणात त्याचे रेणू एकमेकांना जोडून राहतात, त्यामुळे सरळ टायट्रेशन (अल्कली थेंबाथेंबाने घालून आम्ल मोजणे) केले तर शुद्धता कमी दिसते. जास्तीचा अल्कली घालून, तापवून, उरलेला अल्कली उलट मोजावा लागतो. शिशुआहार बनवत असाल तर डी आणि डीएल रूपातले लॅक्टिक चालत नाही.

फ्युमॅरिक ॲसिड, आयएनएस २९७, वजनामागे सर्वात जास्त आंबट आणि ओलावा जवळपास न शोषणारे, पण २५ अंशांना १०० मिली पाण्यात जेमतेम ०.६ ग्रॅम विरघळते. साठ्याचे द्रावण करून डोसिंग पंपाने घालण्याचा बेत असेल तर ते तुमच्या कामाचे नाही. ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन, आयएनएस ५७५, पाण्यात गेल्यावर हळूहळू आम्ल होते. तो हळूपणाच हवा असेल तेव्हाच घ्यावे, आणि ओलावा लागलेला लॉट हा गुण वाटेतच गमावतो. फॉस्फोरिक ॲसिड, आयएनएस ३३८, याबद्दल पुढे वाहतुकीत बोलू.

‘फूड ग्रेड’ हे स्पेसिफिकेशन नव्हे

ते विक्रीचे विशेषण आहे. कोणते मानक ते लिहा: जेईसीएफए (एफएओ आणि डब्ल्यूएचओची ॲडिटिव्हविषयक तज्ज्ञ समिती), फूड केमिकल्स कोडेक्स, युरोपीय संघाचे २३१/२०१२ क्रमांकाचे नियमन, किंवा तुमच्या देशाचे मानक. तुमच्या देशाचे मानक असेल तर ते वर, बाकीची खाली. सायट्रिक ॲसिडसाठी जेईसीएफएच्या कसोट्या अशा आहेत: निर्जल आधारावर शुद्धता किमान ९९.५ टक्के, पाणी अनहायड्रसमध्ये जास्तीत जास्त ०.५ टक्के, मोनोहायड्रेटमध्ये ७.५ ते ८.८ टक्के, सल्फेटेड राख ०.०५ टक्क्यांपर्यंत, ऑक्झॅलेट किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट १५० पर्यंत, शिसे ०.५ पर्यंत.

सल्फेट आणि कॅल्शियमकडे विशेष लक्ष द्या. सायट्रिक ॲसिड ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या किण्वनातून बनते. जुन्या पद्धतीत ते चुन्याने कॅल्शियम सायट्रेट म्हणून खाली बसवतात आणि गंधकाम्लाने सोडवतात. जिप्सम वेगळा होतो. धुलाई नीट झाली नाही की हेच दोन आयन मालात उरतात, आणि पारदर्शक पेयात किंवा तीव्र द्रावणाच्या टाकीत गढूळपणा येतो. शुद्धतेचा आकडा ९९.८ असूनही हे होऊ शकते. फॉस्फोरिकमध्ये लक्ष आर्सेनिक आणि फ्लोराइडवर हवे, कारण खनिज फॉस्फेटबरोबर दोन्ही येतात. जेईसीएफएची मर्यादा किलोमागे आर्सेनिकला ३ आणि फ्लोराइडला १० मिलिग्रॅम आहे.

परवानगीचा प्रश्न दोन वेळा विचारावा लागतो. हा पदार्थ देशात खाद्य ॲडिटिव्ह म्हणून आणायला परवानगी आहे का, हा पहिला. आणि तुम्ही बनवता त्या पदार्थात तो घालायला परवानगी आहे का, किती, हा दुसरा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या १९२-१९९५ या सर्वसाधारण मानकाच्या तिसऱ्या तक्त्यात सायट्रिक, लॅक्टिक, मॅलिक, ॲसेटिक, फ्युमॅरिक ही आम्ले आहेत. ती चांगल्या उत्पादन पद्धतीला लागतील तेवढी वापरता येतात. टार्टारेट आणि फॉस्फेट त्या तक्त्यात नाहीत, त्यांना पदार्थागणिक आकडी मर्यादा आहेत. फॉस्फेटची मर्यादा फॉस्फरस म्हणून मोजतात आणि त्या पदार्थातल्या इतर फॉस्फेटसह बेरीज धरतात, हे बहुतेकजण विसरतात. तुमचा तयार माल निर्यात होत असेल तर त्या देशाचा नियम हा तिसरा प्रश्न.

एचएस कोड आणि मूळ देश

सहा अंकांपर्यंत कोड जगभर सारखे: सायट्रिक २९१८.१४, त्याचे क्षार आणि एस्टर २९१८.१५, लॅक्टिक आणि त्याचे क्षार २९१८.११, टार्टारिक २९१८.१२, मॅलिक २९१८.१९, फ्युमॅरिक २९१७.१९, ॲसेटिक २९१५.२१, फॉस्फोरिक २८०९.२०, सोडियम बायकार्बोनेट २८३६.३०, ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन २९३२.२०. त्यापुढचे अंक प्रत्येक देश स्वतः ठरवतो. २९ व्या प्रकरणात स्वतंत्र, रासायनिकदृष्ट्या निश्चित संयुगेच बसतात. पाण्यातले द्रावण चालते, साठवणीसाठी आवश्यक असा गठ्ठे-प्रतिबंधकही चालतो. पण चरबीचा लेप दिलेले सायट्रिक ॲसिड, किंवा आम्ल आणि क्षार यांचे तयार बफर मिश्रण त्या प्रकरणातून बाहेर पडते आणि तयार मिश्रणांच्या शीर्षकाखाली जाते. शुल्कही बदलते, कधी परवानाही. असा माल असेल तर जहाज निघण्याआधी कस्टम्सकडून लेखी पूर्वनिर्णय घ्या. एजंटच्या ‘चालतं हो’वर जाऊ नका.

सायट्रिक ॲसिडवर अँटी डम्पिंग शुल्काचा (परदेशी माल अवाजवी स्वस्तात विकला गेल्यास लागणारे जादा शुल्क) इतिहास मोठा आहे. युरोपीय संघाने २००८ मध्ये चीनच्या मालावर ते लावले आणि २०१६ मध्ये मलेशियामार्गे येणाऱ्या मालापर्यंत वाढवले. अमेरिकेने २००९ मध्ये चीन आणि कॅनडा, २०१८ मध्ये बेल्जियम, कोलंबिया आणि थायलंड यांच्या मालावर आदेश काढले. यातून घ्यायचा धडा व्यावहारिक आहे: शुल्क जहाज सुटलेल्या बंदरावर नव्हे, मूळ देशावर लागते, आणि पुष्कळदा उत्पादकाच्या नावागणिक वेगळे असते. कोटेशन मागतानाच कारखान्याचे नाव आणि पत्ता घ्या. तिसऱ्या देशातून ‘पुन्हा पॅक करून’ स्वस्तात येणारा माल टाळा. फरकाची वसुली मागाहून आयातदाराकडूनच होते.

पुरवठादाराची परीक्षा

उत्पादक आहे की व्यापारी, हे आधी. व्यापारी वाईट असतो असे नाही, पण लॉटच्या मागे कारखान्यापर्यंत जाता आले पाहिजे. मागच्या वेगवेगळ्या लॉटांची तीन ते पाच विश्लेषण प्रमाणपत्रे मागवा आणि शेजारी मांडून वाचा. शुद्धता, पाणी, सल्फेट सगळ्यांवर शेवटच्या दशांशापर्यंत सारखे असेल तर ते आकडे मोजलेले नाहीत, टंकलेले आहेत. शिशासमोर ‘पास’ लिहिले असेल तर आकडा मागा. चाचणीची तारीख उत्पादनाच्या तारखेच्या आधीची असलेली प्रमाणपत्रेही असतात. बारकाईने पाहिले तर दिसतात.

सीओएसोबत हे लागते: तांत्रिक माहितीपत्रक, सुरक्षा माहितीपत्रक, उत्पादन प्रक्रियेचा आराखडा, अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचे चालू प्रमाणपत्र, ॲलर्जेनबद्दलचे निवेदन, गरज असेल तर हलाल किंवा कोशर. कच्चा माल मका, कसावा की मळी हे विचारून जनुकीय बदलाबद्दलचे निवेदनही घ्या; ग्राहक ते मागतोच. नमुना मागवाल तेव्हा तो चालू लॉटमधला, किमान ५०० ग्रॅम आणि मूळ लेबलसह मागवा आणि आयएसओ १७०२५ मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा. करारात एक वाक्य आवर्जून घाला: कारखाना, प्रक्रिया किंवा कच्चा माल बदलल्यास आधी लेखी कळवणे बंधनकारक.

अटी, विमा, पतपत्र

सीआयएफ (दरात माल, विमा आणि जहाजभाडे धरलेले) म्हटले की खरेदीदाराला सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सीआयएफमध्ये भाडे विक्रेता भरतो, पण जोखीम माल जहाजावर चढताक्षणी तुमची होते. शिवाय इन्कोटर्म्स २०२० (व्यापारी अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) नुसार विक्रेत्याला त्यात फक्त इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘सी’ एवढाच किमान विमा घ्यावा लागतो. ‘सी’ मध्ये आग, जहाज बुडणे, टक्कर अशा मोठ्या घटना येतात. कंटेनरच्या छतातून ठिबकलेले पाणी येत नाही. ‘ए’ क्लॉज मागा, किंवा विमा स्वतः काढा. कंटेनरमधल्या मालाला एफसीए (विक्रेता माल वाहतूकदाराच्या ताब्यात देतो) किंवा सीआयपी (भाडे आणि विमा विक्रेता भरतो) जास्त शोभते. सीआयपीमध्ये २०२० पासून ‘ए’ हाच किमान आहे. आणि ‘ए’ मध्येही मालाचा अंगभूत दोष आणि अपुरे पॅकिंग वगळलेले असते. मोनोहायड्रेटने स्वतःच सोडलेल्या पाण्याने गठ्ठे झाले तर विमा कंपनी नेमके त्याकडेच बोट दाखवते. म्हणून पॅकिंगची अट ऑर्डरमध्ये शब्दशः हवी.

पतपत्राने (लेटर ऑफ क्रेडिट) पैसे देणार असाल तर लक्षात ठेवा, यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक कागद पाहते, माल नाही. त्यामुळे तुम्हाला जी खात्री हवी ती कागद म्हणून मागा: प्रत्येक लॉटचे सीओए, ठरलेल्या तपासणी संस्थेचे भरणीपूर्व तपासणी प्रमाणपत्र, मूळ देशाचे प्रमाणपत्र. पण यादी फुगवू नका. प्रत्येक जादा कागद म्हणजे स्पेलिंगच्या तफावतीची आणखी एक जागा.

वाटेतला ओलावा

वीस फुटी कंटेनरात २५ किलोच्या १००० गोण्या पॅलेटशिवाय बसतात. पॅलेटवर साधारण २० ते २२ टन. पॅलेटशिवाय भाडे वाचते, पण हजार गोण्या हाताने उतरवताना फाटतात आणि त्यांना हमालांचा दिवस लागतो. पॅलेटच घ्या. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकडातल्या किडींविरुद्धचे आंतरराष्ट्रीय मानक) शिक्का हवा. नसेल तर निव्वळ लाकडापायी अख्खा कंटेनर अडतो. लाकूड वाळलेले असावे हेही लिहा, कारण ओले पॅलेट म्हणजे कंटेनरात पाण्याचा साठा.

गठ्ठे होतात ते असे. दिवसा कंटेनरचे छत तापते, लाकूड आणि पुठ्ठ्यातला ओलावा हवेत जातो. रात्री छत थंड होते, ओलावा थेंब होऊन वरच्या थरावर पडतो. समुद्रात हे रोज घडते. मोनोहायड्रेट स्वतःही उष्णतेत पाणी सोडते, तेव्हा या चक्रात भर मालाचीच. अनहायड्रसचा त्रास उलटा: सुमारे ३६.६ अंशांच्या खाली स्थिर रूप मोनोहायड्रेटचे असते, त्यामुळे दमट हवा आत शिरली की दाण्याच्या पृष्ठभागावर मोनोहायड्रेट तयार होते आणि दाणे एकमेकांना सिमेंटसारखे धरतात. दोन्हींवर उपाय सारखाच: बहुपदरी क्राफ्ट गोणीत आत वेगळी पॉलिथीन पिशवी, तिचे तोंड उष्णतेने बंद केलेले, नुसते पिळून बांधलेले नव्हे, वरच्या थरावर क्राफ्ट कागदाचे आच्छादन, कंटेनरच्या भिंतींवर कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावाशोषक पट्ट्या. भरण्याआधी कंटेनरात माणूस शिरून दार लावून घेतले की छिद्रातून येणारा उजेड दिसतो. वास घ्यावा, कंटेनरचा तळ कोरडा आहे का पाहावे, आधी काय वाहिले ते विचारावे. या चारही गोष्टींची नोंद आणि शक्य तिथे फोटो मागा.

द्रव आम्लांची गोष्ट निराळी. फॉस्फोरिक ॲसिड यूएन १८०५ (धोकादायक मालाचा क्रमांक), वर्ग ८ (क्षरणकारी). पंच्याऐंशी टक्क्यांचे द्रावण सुमारे २१ अंशांना गोठते. थंड हवेत ड्रममध्ये त्याची खडी होते आणि ती वितळवायला गरम खोली लागते. ७५ टक्क्यांचे उणे १७ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहते, म्हणून जिथे थंडी आहे तिथे भाड्याचा थोडा तोटा सोसून तेच घेणे शहाणपणाचे. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड यूएन २७८९, १६.६ अंशांना गोठते, वर ते ज्वालाग्राहीही आहे. सायट्रिक ॲसिड वाहतुकीच्या दृष्टीने धोकादायक मालात मोडत नाही. लॅक्टिकबाबत तुमच्या तीव्रतेच्या मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा चौदावा विभाग वाचा आणि बुकिंगमध्ये तेच जाहीर करा.

बंदरावर

जहाज सुटण्याआधी सगळ्या कागदांचे मसुदे मागवून एका टेबलावर ताडून पाहा. पदार्थाचे नाव, रूप, निव्वळ वजन, गोण्यांची संख्या, लॉट क्रमांक, उत्पादन आणि मुदतीची तारीख हे बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), सीओए आणि गोणीच्या लेबलवर अक्षरशः सारखे हवे. बीजकावर ‘औद्योगिक रसायन’ आणि सीओएवर ‘खाद्य’ असे आले की अन्न तपासणी अधिकारी माल थांबवणारच. खाद्य ॲडिटिव्हच्या लेबलसाठी कोडेक्सचे १०७-१९८१ हे मानक आहे. नाव, खाद्य वापरासाठी असल्याचा उल्लेख, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता, मूळ देश, लॉट आणि मुदत एवढे तरी गोणीवर छापलेले असावे, मागाहून चिकटवलेले नसावे. अनेक ठिकाणी आगमनाच्या वेळी मुदतीचा ठराविक हिस्सा शिल्लक असावा लागतो, त्यामुळे जुना लॉट स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका.

एका कंटेनरात जितके लॉट, तितके नमुने, तितकी तपासणीची फी आणि तितका वेळ. ऑर्डरमध्ये ‘जास्तीत जास्त दोन लॉट’ असे लिहा. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कंटेनर उभा राहतो. बंदरात उभा राहिल्याचे डेमरेज आणि रिकामा कंटेनर उशिरा परत केल्याचे डिटेन्शन, दोन्हींचे मीटर वेगळे चालतात. मोफत दिवस बुकिंगच्या वेळी वाढवून मिळतात, जहाज आल्यावर नाही.

गेटवर आणि प्रयोगशाळेत

सीलचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगशी जुळवा, दार उघडताना फोटो घ्या, ओल्या आणि फाटक्या गोण्या वेगळ्या काढून मोजा आणि डिलिव्हरीच्या पावतीवर तसा शेरा लिहूनच सही करा. हेग-विस्बी नियम (समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील तिथे वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना डिलिव्हरीपासून ३ दिवसांत द्यायची असते आणि दावा दाखल करायला एक वर्ष मिळते. ओल समुद्राच्या पाण्याची की ठिबकलेल्या दवाची, हे सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने कळते. क्लोराइड असले की पांढरा साका बसतो. विम्याच्या सर्व्हेअरला हेच पहिले हवे असते.

सायट्रिकची घरची चाचणी सोपी आहे. ३ ग्रॅम नमुना अचूक तोलून ४० मिली पाण्यात विरघळवा, फिनॉल्फ्थॅलीन घाला, एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. एक मिली म्हणजे ६४.०४ मिलिग्रॅम अनहायड्रस आम्ल. अनहायड्रसला सुमारे ४६.८ मिली लागतात, मोनोहायड्रेटला ४२.८. अनहायड्रसच्या गोणीत मोनोहायड्रेट भरलेले असेल तर चार मिलीचा फरक लपत नाही. पाणी मात्र कार्ल फिशर पद्धतीनेच (खास पाणी मोजणारे टायट्रेशन) मोजा.

या चाचणीची मर्यादाही ओळखा: ती आम्ल किती ते सांगते, कोणते ते नाही. महाग टार्टारिकमध्ये स्वस्त सायट्रिक मिसळले तर शुद्धता घटत नाही, उलट वाढलेली दिसते. टार्टारिकचा तुल्यभार (एक नॉर्मल अल्कलीचा एक मिली जितके मिलिग्रॅम आम्ल खातो तो आकडा) ७५.०४, सायट्रिकचा ६४.०४. त्यात १० टक्के सायट्रिक घातले तर ३ ग्रॅमला ४० ऐवजी ४०.७ मिली लागतात आणि शुद्धता १०१.७ टक्के निघते. शंभराच्या वर गेलेला आकडा म्हणजे उत्तम माल नव्हे, संशयित माल. पक्के करायला प्रकाशीय वलन (द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती वळतो ते) मोजा: टार्टारिकचे २० टक्के द्रावणात अधिक ११.५ ते १३.५ अंशांत हवे, आणि सायट्रिकला वलनच नसल्याने भेसळीत आकडा खाली सरकतो. पहिल्या काही कंटेनरांना बाहेरच्या प्रयोगशाळेतून जड धातूही करून घ्या. नंतर वारंवारिता कमी करता येते.

गोदाम आणि टाकी

पॅलेट भिंतीपासून हातभर दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बरे. एकावर एक दोन पॅलेट चढवले की खालचा थर दाबानेच घट्ट होतो. घट्ट झालेली, पण पाणी न लागलेली गोणी फेकायची गरज नाही. तोंड बंद, पिशवी शाबूत आणि टायट्रेशन बरोबर असेल तर ती द्रावणाच्या टाकीत वापरा. कोरड्या मिश्रणात मात्र नको. समुद्राचे पाणी लागलेली गोणी सरळ बाद.

द्रावण ५० टक्क्यांचे करा: १०० किलोला अनहायड्रस ५० किलो आणि पाणी ५०, किंवा मोनोहायड्रेट ५४.७ किलो आणि पाणी ४५.३. घनता सुमारे १.२४, म्हणजे लिटरमागे साधारण ६२० ग्रॅम आम्ल. विरघळताना द्रावण थंड पडते, म्हणून ५० ते ६० अंशांचे पाणी घ्या, नाहीतर तळाशी न विरघळलेला थर राहतो आणि पहिल्या बॅचला कमी, शेवटच्या बॅचला जास्त आम्ल जाते. ‘सोपे पडते’ म्हणून पातळ द्रावण साठवू नका. त्यावर बुरशी धरते. टाकी आणि पाइप ३१६एल स्टेनलेस स्टीलचे किंवा एचडीपीईचे ठेवा. साधे लोखंड, जस्ताचा लेप आणि उघडी सिमेंटची जमीन आम्ल खाऊन टाकते.

लॉट बदलला की पहिल्या बॅचचा पीएच आणि टायट्रेटेबल आम्लता दोन्ही मोजा. ज्या पदार्थात बफर जास्त, तिथे आम्ल पाच-दहा टक्क्यांनी हलले तरी पीएच थोडाच हलतो. फरक आधी टायट्रेशनमध्ये दिसतो. प्रत्येक लॉटचे २५० ग्रॅम सीलबंद नमुने, त्यातून बनलेल्या शेवटच्या मालाची मुदत संपेपर्यंत, त्या त्या बॅचच्या क्रमांकासह जपून ठेवा.